आप्पांचा उपास आणि लांब पात्यांचे फिन

१३ एप्रिल, रविवार

आप्पा जेवत नाहीत. सकाळी अकरा वाजल्यापासून पाण्याशिवाय त्यांच्या तोंडात काही गेलेलं नाही आणि आता संध्याकाळचे सात वाजलेत. शिवरंजनीने तीनदा ताट वाढलं आणि तीनदा झाकून ठेवलं. माझी बायको सहसा हात टेकत नाही, पण आज स्वयंपाकघरात नुसती बसून आहे.

येलदरीच्या धरणात बुडालेलं जुनं गाव आप्पांना एकदा डोळ्यांखालून घालायचं होतं. दिसत काहीच नाही, वर पाणीच पाणी. पण देऊळ कुठे होतं ती जागा बजरंगला ठाऊक आहे. तो तिथे मासे धरतो. आज दुकान बंद ठेवून मी आप्पांना जिंतूरहून घेऊन गेलो. बजरंग म्हणाला, "जाकीट घातल्याबिगर नावेत घेत न्हाई. पोलीस लय कटकट करतेत." जाकिटाचा पट्टा नेमका आप्पांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर बसला आणि रुतायला लागला. म्हणून लिंग काढलं. घटकाभर. देवळाच्या जागेवर पोचलो, नाव जराशी कलली आणि चांदीची डबी पाण्यात गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

ते लिंग आप्पांच्या तळहातावर आठव्या वर्षी ठेवलं गेलं, त्याच बुडालेल्या देवळात. सहासष्ट वर्षं ते एक दिवस अंगावेगळं झालं नाही. रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा आणि मग जेवण. आता लिंग नाही, म्हणून पूजा नाही, म्हणून जेवण नाही. परत हातात येईपर्यंत नाही, असं त्यांनी नावेतच सांगून टाकलं.

शेजारपाजारचे विचारायला आले. आप्पा प्रत्येकाला एकच सांगतात, "माज्या हातून पडलं." मीही तेच लिहितो.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी, बाजार बंद. सकाळीच येलदरी गाठलं. बजरंगने दोरीला दगड बांधून पाणी मोजलं. बत्तीस फूट. तो आणि त्याचा भाऊ आठ-दहा बुड्या मारून आले. पंधरा-वीस फुटांच्या खाली जात नाहीत ते. "कानात खिळा ठोकल्यावानी व्हतंय, शंभूशेट." मग शिशाच्या गोळ्यांचं जाळं ओढलं. एक बाटली, एका चपलेचा तळ आणि चिखल. तहसिलात ओळखीच्या माणसाला फोन केला, तर म्हणाला, सरकारी पाणबुडे माणूस बुडाला तर येतात, वस्तूसाठी येत नाहीत.

दुपारी मठातले स्वामी घरी आले. त्यांनी आप्पांना नीट समजावलं. लिंग हरवलं तर गुरूकडून नवी दीक्षा घेता येते, शास्त्रात सोय आहे. आप्पांनी हात जोडून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नवं घेतो म्हनलं तर जुन्याला सोडलं आसं हुतंय. ते पान्यात आन् मी ताटावर. न्हाई जमायचं मला."

आप्पांपुढे कुणाचं चालत नाही, स्वामींचंही नाही. चाळीस वर्षं त्यांनी किराणा विकला. तराजूला हात न लावता मूठभर सुपारी तळहातावर घ्यायचे आणि तोळाभर कमी आहे म्हणायचे. तराजूत टाकली की तोळाभरच कमी निघायची. त्याच दुकानात मी चपला-बूट लावले, तेव्हापासून अकरा वर्षांत ते दुकानाची पायरी चढलेले नाहीत. भांडलेसुद्धा नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं.

१५ एप्रिल, मंगळवार

डॉक्टर येऊन गेले. चौऱ्याहत्तर वय, नुसत्या पाण्यावर आठ-दहा दिवस, त्यापुढे मूत्रपिंडाचं सांगता येत नाही म्हणाले. सलाइन लावू देत नाहीत. मी ओरडलो आप्पांवर. ते म्हणाले, "हळू बोल, तुझ्या घशाला तरास हुईल."

मोबाइलवर एक माणूस पाहिला. पायात दोन हात लांब पाती, पाठीवर टाकी नाही की तोंडात नळी नाही. एक श्वास घेतला, पाय सावकाश हलवले आणि साठ फूट खाली जाऊन भाल्याने मासा मारून वर आला. मला बत्तीस फूटच जायचंय, आणि मासाही मारायचा नाही. लहानपणी मी विहिरीच्या तळाची माती मुठीत घेऊन वर यायचो. फरक फक्त पायातल्या वस्तूचा आहे, आणि पायातल्या वस्तूंवर तर माझं पोट आहे. तीन दिवसांत पहिल्यांदा जरा हुरूप आला.

मालवणच्या एका दुकानदाराचा नंबर मिळाला. तासभर बोललो. फिन म्हणतात त्याला. पातं तीन प्रकारचं असतं. प्लॅस्टिकचं दणकट, पण जड. कार्बनचं हलकं, लाथ मारली की स्प्रिंगसारखं परत येतं, पण दगडावर आपटलं की तडकतं. फायबरचं या दोघांच्या मधलं.

"कडक पातं द्या," मी म्हणालो.

"रोज पोहता का?"

"हो. विहिरीत."

आठ वर्षांत विहिरीत पाय घातलेला नाही मी.

"तरी मऊच घ्या," तो म्हणाला. "कडक पात्याला मांडीत ताकद लागते, नाहीतर पेटके येतात. आणि तळ कसला आहे? खडक, वाळू, चिखल?"

"दगडी देऊळ आहे खाली."

"मग फायबर. चिखल असता तर मी लांब पातं दिलंच नसतं. पायांचा नंबर?"

माझा आठ, म्हणजे त्यांच्या भाषेत बेचाळीस. तो म्हणाला, बेचाळीस-त्रेचाळीसचं घ्या, अनवाणी पायाला घट्ट बसलं पाहिजे. इथे मात्र मी त्याला अडवलं. एप्रिलच्या उन्हात पाय फुगतात. गिऱ्हाइकाला घट्ट बूट दिला की तिसऱ्या दिवशी तो बूट परत येतो आणि सोबत गिऱ्हाइकाची बायको येते. मी चव्वेचाळीस-पंचेचाळीस मागवला. मोजे घालून बरोबर बसेल. पायाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

१६ एप्रिल, बुधवार

दिनकररावांच्या विहिरीवर गेलो. आप्पांचे जुने मित्र, सत्तरी ओलांडली तरी शेतात जातात. मी कपडे काढले तसे म्हणाले, "शंभू, विहीर भरून वाहील रे." पण काठावरून हलले नाहीत. प्रत्येक बुडीला मोठ्याने आकडे म्हणत राहिले.

पहिल्या दोन बुड्यांत अर्ध्यावरून परत आलो. छातीत धडधड, कानात खिळे. नाक दाबून कानात हवा ढकलायची युक्ती मोबाइलवर पाहिली होती, ती तिसऱ्यांदा जमली. बावीस फुटांवरून मूठभर माती आणली. दिनकरराव चाळीसपर्यंत पोचले होते आणि त्यांचा आवाज चिरकला होता.

घरी आलो तर आप्पा खाटेवर. "केस वले कशानं रे?"

"आंघोळ केली."

"हां," म्हणाले.

१७ एप्रिल, गुरुवार

मालवणवाल्याने पार्सल पुण्याहून येणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये टाकलं होतं. देवगाव फाट्यावर सकाळी सहापासून उभा. नऊ वाजता गाडी आली. क्लीनर म्हणाला, "काय हाय ह्यात, पंख्याची पाती का?" मी हो म्हणालो.

दुकानाचं शटर अर्धं ओढून आरशासमोर घालून पाहिले. काळे, लखलखीत, दोन हात लांब. टाचेमागे बोटभर फट राहते. दोन-दोन मोजे घातले, फट भरली. चालता येत नाही, बदकासारखं मागे मागे सरकावं लागतं. आरशात बघून हसू आलं आणि मग एकदम रडूच आलं. शटर अर्धं ओढलेलं होतं म्हणून बरं.

आप्पांचा आज पाचवा दिवस. डोळे खोल गेलेत. शिवरंजनी त्यांच्या पाण्यात चोरून मीठ-साखर घालते. त्यांनी एक घोट घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि सगळा तांब्या संपवला. चव कळायची बंद झाली असावी. तळहातावर तोळा ओळखणारा माणूस, आणि त्याला पाण्यातली साखर कळेना. काय दशा झाली आप्पांची.

१८ एप्रिल, शुक्रवार

सात बुड्या. सातही वाया.

फिनची तक्रार नाही. नुसते पाय हलवले की पाणी मागे पडतं. दहा फुटांखाली हिरवट अंधार आणि वीस फुटांखाली पाणी अचानक थंडगार. कानात हवा ढकलत ढकलत तळाला पोचलो. तळ दिसला! डोळ्यांपुढे हातभर मऊ गाळ, साठ वर्षांचा गाळ, आणि त्यात घडीव दगडाचा एक कोपरा. देवळाचाच असणार. मी वळून हात पुढे केला आणि त्या वळण्यात पाती तळाला घासली. झालं. चुलीतली राख फुंकल्यासारखा गाळ वर उठला आणि स्वतःचा हातही दिसेना. हातांनी चाचपलं, चिखलच चिखल. श्वास संपला, वर आलो.

सातही वेळा हेच. दिसतं एक क्षण. मग माझेच पाय ते झाकून टाकतात.

बजरंग नावेतून बघत होता. म्हणाला, "ते बदकाचे पाय काढा शंभूशेट. तळ पायानं चाचपायचा आसतो. आमी हरवलेलं जाळं आसंच हुडकतो. माज्या तळपायाला काटा आन् मासा येगळा कळतो. मला दोर धरून खाली सोडा, कान फुटले तर फुटले."

त्याच्या पायांकडे माझं पहिल्या दिवसापासून लक्ष आहे. बोटं पसरलेली, पंजा हाताएवढा रुंद. कुठल्याच नंबरात बसणार नाही. पण मी संतापलो. लिंग बेंबीच्या खाली जाऊ द्यायचं नसतं, झोपतानासुद्धा आप्पा ते छातीवर ठेवतात, आणि हा म्हणतो पायाने चाचपू! मी त्याला नाही नाही ते बोललो. त्याने वल्हं उचललं. मग वल्हं मारत म्हणाला, "तळाला गेलं ते, शंभूशेट. त्याच्या खाली काय हाय आता?"

१९ एप्रिल, शनिवार

आज गेलो नाही. कानातून पाणी येतंय आणि टाचेचं कातडं सोललंय. थंड पाण्यात पाय आक्रसतात, रबर सैल पडतं, फिन पायात खेळतो आणि ओला मोजा घासतो. मालवणवाला बरोबर होता. अकरा वर्षं लोकांना एक नंबर मोठा देत आलो, कारण जमिनीवर पाय फुगतात. पाण्याचा विचार जमिनीवरचा माणूस करणार कसा?

ही वही कुणी वाचणार नाही. तेव्हा लिहून टाकतो.

आप्पांच्या हातून पडलं नाही. ते काढायलाच तयार नव्हते. जाकीट रुतलं तर रुतू दे म्हणत होते. मीच म्हणालो, "द्या हो आप्पा माझ्याकडे, घटकाभराचं काम, लहान पोरासारखं काय करता?" त्यांनी दोन्ही हातांनी दिलं. मी दोन्ही हातांनी घेतलं आणि पँटच्या खिशात टाकलं. पँटच्या. शर्टाला खिसा होता. मग देवळाच्या जागेवर त्यांचा फोटो काढायला त्याच खिशातून मोबाइल ओढला, आणि मोबाइलबरोबर डबी आली.

आप्पा समोरच बसले होते. खिशात टाकताना त्यांनी पाहिलं असेल का? पाहिलं असतं तर बोलले असते. म्हणजे पाहिलं नसावं. आपल्याच हातून पडलं असं त्यांना खरंच वाटत असेल, म्हातारपणी होतं असं.

मला माफ कोण करणार? ते करू शकत नाहीत, कारण त्यांना ठाऊक नाही.

२० एप्रिल, रविवार

पडल्या पडल्या लिहितोय, अक्षर लागलं तर लागलं.

चौथ्या बुडीला तळाशी गाळात काहीतरी गोल लागलं. श्वास संपत आला होता, तरी सोडेना मी. खणलं. दगडाची गोटी निघाली. वर निघालो आणि डाव्या पोटरीत पेटका आला, पाय लाकूड झाला. उजव्याने जोरात लाथ मारली तर उजवा फिनच पायातून सुटला, मोज्यासकट. वर उजेड दिसत होता, पण तो जवळ येईना. मला आठवतं ते इतकंच की आप्पा सुपारी तोलत होते आणि म्हणत होते, कमी हाय.

बजरंगने उडी मारली. डाव्या फिनचं पातं वर आलेलं दिसलं म्हणे त्याला, तेच धरून ओढलं. नावेत पालथा घालून पाठीत बुक्क्या मारल्या. सुटलेला फिन नंतर पाण्यावर तरंगताना सापडला, तोही त्यानेच आणून दिला. मी त्याला दोन दिवसांपूर्वी काय काय बोललो होतो.

त्यानेच घरी सोडलं. शिवरंजनीने ऐकलं आणि अंगणातच सुरू झाली. "एक उपाशी मरायलाय, एक बुडून मरायलाय, मग मी कुनासाठी सैपाक करू? दोघं मिळून सांगा मला!" गल्ली गोळा झाली. आप्पांनी आतून ऐकलं.

मला बोलावलं. आवाज इतका बारीक की कान तोंडाजवळ न्यावा लागला.

"किती खोल गेलतास?"

"तळापर्यंत."

"उद्या परत जानार?"

"सापडेपर्यंत जाणार."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, पोरगं इतकं करतंय याचं समाधान वाटलं असेल. शिवरंजनी म्हणते, त्यांची उशी भिजली होती. ताप असेल.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि मान हलवली. आज नववा दिवस. लघवी जवळपास बंद.

माझ्या अंगात परत पाण्यात जायची ताकद नाही, आणि गेलो तरी मिळणार नाही हे मला शुक्रवारीच कळलं होतं. मी मोटारसायकल काढली आणि परभणीला गेलो. पूजेच्या सामानाच्या दुकानात लिंगं काचेच्या कपाटात ओळीने ठेवली होती, काळीभोर, चकचकीत. आप्पांच्या लिंगाचा आकार मला पाठ आहे, रोज सकाळी पाहिलाय. त्यातल्या त्यात तसंच एक निवडलं. उंची तीच, गोलाई तीच. आप्पांच्या लिंगाला उजव्या बाजूला छोटा खळगा होता, अंगठा ठेवून ठेवून झालेला. तो कुठून आणणार?

येताना येलदरीला वळलो. धरणाच्या काठाच्या चिखलात ते लिंग तासभर पुरून ठेवलं. चकाकी घालवायला दुकानातली कानस जवळ होती, पण चपलांची कानस त्याला लावायचा धीर झाला नाही. काठावरच्या ओल्या मातीनेच घासत बसलो. रडत होतो. किती पापं करायची एका आठवड्यात, हे कुणी सांगितलेलं नसतं.

घरी येऊन ओरडत आत गेलो, "आप्पा, सापडलं! डबी फुटली, पण लिंग सापडलं!"

शिवरंजनी धावत आली. आप्पांना उठवून बसवलं. त्यांनी तोंड धुतलं, कपाळाला भस्म लावून घेतलं आणि डावा तळहात पुढे केला. मी ठेवलं. माझे कपडे त्यांनी पाहिले, चिखलाने भरलेले. केस पाहिले. ते कोरडे होते, हे माझ्या आत्ता लिहिताना लक्षात येतंय. पण ऊन काय कमी आहे, वाळले असतील असं वाटलं असणार.

तळहात जरा खाली-वर केला. डोळे मिटले. अंगठा उजवीकडे गेला, थांबला. मी श्वास रोखून उभा. पाण्यात इतका कधी जमला नव्हता.

"हलकं लागायलंय," आप्पा म्हणाले.

मी मेलोच. तेवढ्यात तेच पुढे म्हणाले, "आठ-नऊ दिस पान्यात ऱ्हायलं. झिजलं आसंल."

हे मला सुचलंही नव्हतं! त्यांनीच कारण काढलं म्हणून बरं झालं.

मग म्हणाले, "सापडलं ना? मग आता परत पान्यात उतरायचं न्हाई. घे शपथ. ह्याच्यावर हात ठेव."

मी हात ठेवला. आणि का कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं, "आप्पा, मला काहीतरी सांगायचंय..."

"काई सांगू नको. मला भूक लागलीय. आदी जेवू."

नऊ दिवसांची भूक ती. शिवरंजनीने भाताची पेज भरवली. सहा चमचे. मी मोजले.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी मऊ भात. लघवी झाली. डॉक्टर हसले.

२६ एप्रिल, शनिवार

स्वामींना आप्पांनी बोलावून घेतलं. दोघं आत बसले, दार लोटून. स्वामींनी त्यांच्या कानात मंत्र दिला, लहानपणी देतात तसा, आणि लिंग तळहातावर नव्याने ठेवलं. पाण्यात पडलेलं म्हणून शुद्ध करून घेतलं असणार. जाताना स्वामी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शंभुराज, तुझा बाप लय मोठा माणूस हाय." ते तर जिंतुरात सगळ्यांना ठाऊक आहे.

दुपारी चमत्कार झाला. आप्पा काठी टेकत दुकानात आले. अकरा वर्षांनी! बुटांच्या खोक्यांमधून वाट काढत स्टुलावर बसले. म्हणाले, "ते तुझे पायातले दाखव."

दाखवले. आपल्या हातांनी घेतले. चपलेला कधी बोट न लावणारा माणूस. पात्यावर वीत टाकून पाहिली, तळहातावर तोलून पाहिलं.

"हे घालून मानूस किती खाली जातंय?"

"साठ फूट जातो, आप्पा. सराव असला तर आणखी."

"एवढं हलकं हाय, आन् एवढं खाली नेतंय," म्हणाले. मग ते बगलेत मारून घरी घेऊन गेले, आपल्या लोखंडी पेटीत ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली करदोऱ्याला बांधली. फिनचं त्यांना भलतंच कौतुक दिसतंय.

४ मे, रविवार

बजरंगला चपला द्यायच्या होत्या. आज आला. सगळ्यात रुंद जोड काढला तरी करंगळी बाहेर. तो हसत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, माज्या पायाला पानीच बरं." मग म्हणाला, "आप्पा परवा भेटले. तब्येत सुदारली की."

"परवा? कुठे?"

"धरनावर. रिक्षा करून आलते. तुमाला ठाव न्हाई? म्हनले, जितं पडलं तितं ने. जाकीट घातलं, काई बोलले न्हाईत. बेलाची पानं आनलती फडक्यात. एकेक करून पान्यावर सोडली आन् लय येळ हात जोडून बसले. वापस येताना मला म्हनले, माजं पोरगं आलं तर त्याला नावेत घिऊ नको. मी म्हनलं, आता कशाला येतील, सापडलं की. तर म्हनले, हां. सापडलं."

मी घरी येऊन शिवरंजनीला सांगितलं. म्हटलं, पाण्याने परत दिलं म्हणून आभार मानायला गेले असतील. तिने पोळपाटावरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहतच राहिली. "तुमाला पायाचे नंबर तेवढे कळतेत," म्हणाली आणि परत लाटायला लागली.

संध्याकाळच्या पूजेला मी आज आप्पांच्या समोर बसलो. एरवी बसत नाही. लिंग डाव्या तळहातावर. डोळे मिटलेले. अंगठा उजवीकडे जातो, गुळगुळीत दगडावर फिरतो, काहीतरी शोधतो. मिळत नाही. थांबतो. थोड्या वेळाने परत जातो. सहासष्ट वर्षांची सवय, असं मी स्वतःला सांगत होतो. तळहातावर तोळा कमी-जास्त ओळखणारा माणूस. पाण्यातली मीठ-साखर. कोरडे केस.

पूजा झाली. त्यांनी लिंग नव्या डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली, कपड्यावरून हात फिरवला.

"आप्पा," मी म्हणालो, "ते तुमच्या हातून पडलं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी ताप उतरला का बघायचे, तसं.

"शंभू, मला भूक लागलीय," म्हणाले. "आदी जेवू."

शिवरंजनीने वाढलं. आप्पांनी आपल्या ताटातली अर्धी पोळी मोडून माझ्या ताटात टाकली. मला भूक नव्हती. पण आप्पा माझ्या ताटाकडे बघत बसले होते, म्हणून सगळं जेवलो.